खिळ्याविना दोडक्याचा मांडव

मित्रांनो, आज जनवाडा गावातल्या आमच्या परसात मी जपानी पद्धतीने, एकही खिळा न वापरता, दोडक्यासाठी लाकडी मांडव जोडला. पट्ट्यांना अर्ध्या जाडीच्या खाचा पाडून त्या एकमेकींत बसवायच्या, इतकी सोपी रीत!

मात्र करवत आखलेल्या रेषांच्या आत चालवायची असते. मी बाहेर चालवली. खाचा सैल झाल्या, सांगाडा डुलू लागला.

"काय हो जपानी सुतार, आता तरी खिळे आणू का न्हाई?" पत्नीने विचारले.

शेजारचे शेतकरी बसप्पाअण्णा हसले. "कामून घाबरायलाव, सर? पेरायची तिफण ढिली झाली की आपण काय करतो? पाचर ठोकायची, पाणी मारायचं."

तसेच केले. लाकूड फुगले, सांधे आवळले. संध्याकाळी पत्नी आडव्या पट्टीला चक्क लोंबकळली. मांडव हलला नाही. मग तिनेच पहिला वेल वर चढवला.

तुमच्या घरी खिळ्याविना टिकलेले काय आहे?