सावलीचा भारा

मंगळवारी सकाळी शेजारचे धोंडूभाऊजी कोयता घेऊन ओढ्याच्या वळणाकडे जाताना दिसले आणि माझा चहा कपातच निवला... कापणीचे दिवस आहेत, पण भात कापायला माणूस विळा नेतो. कोयता झाडांसाठी असतो.

झाडं म्हणजे आमची करंजं आणि जांभळं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या पाच घरांची शेतं एकाच ओढ्याला लागून आहेत. पूर्वी सगळेच अगदी पाण्यापर्यंत नांगर घालायचे आणि दर पावसाळ्यात काठ ढासळून भातासकट खाली जायचा... एका वर्षी तर माझं अर्धं खाचर गेलं.

मग पाचही घरांनी ठरवून काठालगतची चार-चार तासं, म्हणजे नांगराच्या चार-चार ओळी, नांगरायची सोडली. तिथे आग लावायची नाही, तणाचं औषध मारायचं नाही, झाडं लावायची आणि वाढू द्यायची. आता काठ हलत नाही, एक उंबर आपला आपणच उगवलाय, खेकडे परत आलेत, शिमगा झाला तरी ओढ्याला पाणी असतं. खंड्या तर अशा ऐटीत बसतो, जसा काही सातबारा त्याच्याच नावावर आहे.

पण झाड वाढलं की सावलीही वाढते... दाणा भरायच्या दिवसांत ऊन दक्षिणेला कलतं आणि वळणावरच्या झाडांची सावली नेमकी भाऊजींच्या खाचरात पडते. यंदा त्या कडेचं त्यांचं भात पोचट निघालं.

मी पायात चपला सरकवल्या आणि धावले. वाटेत सुभाष भेटला, त्यालाही ओढलं. त्याचं शेत सगळ्यात खाली. महाडला एमआयडीसीत कामाला आहे, रात्रपाळी करून नुकताच बाइकवरून उतरत होता.

आम्ही पोचलो तेव्हा भाऊजी पहिल्या करंजाखाली उभे, आणि त्यांची बायको सुलोचना बांधावर बसलेली. मी सुरू झाले... मुळं माती कशी धरतात, पाणी कसं मुरतं, पाखरं कीड कशी खातात. मोबाइलवर वाचलेलं सगळं ओतलं.

भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वयनी, सावली तुमच्या शेतात पडत नाय ना, म्हणून गोड लागते."

"आणि पाखरांचं तर सांगूच नका," सुलोचना म्हणाली. "कीड खातात आणि वर तोंडी लावायला आमचं भात."

मला हसू आलं. खरंच होतं त्यांचं. काठ पाचांचा वाचला, भात एकाचं गेलं... झाडं त्यांच्या हद्दीत, कोयता त्यांच्या हातात. आणि ती तुटली तर मोठ्या पुरात वळण फुटून खालची सगळी शेतं जातील, हेही तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भाऊजींनासुद्धा.

सुभाष पुढे झाला. खाचरात उतरला, एक लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली... बरंचसं उडून गेलं.

"काका, कापणी होईतो थांबशील?" एवढंच म्हणाला.

"थांबतो. झाडं काय पळून जात नायत."

शुक्रवारी भाऊजींच्या खळ्यात झोडणी चालली होती. सुभाष डोक्यावर भाताचा भारा घेऊन आला आणि त्यांच्या भाऱ्यांशेजारी टाकला.

"ह्यो कोणाचा रे?"

"तुझा. सावलीचा."

"मी काय भीक मागितली तुझ्याकडं?"

"काठ माझा वाचतो आणि भात तुझं जातं. हे बरं दिसतं का, काका?"

आमच्या वाडीत बातमी माणसाच्या आधी पोचते. संध्याकाळपर्यंत उरलेल्या दोन घरांचे भारे आले. मग मी कशी मागे राहू... गुडघे कुरकुरत होते, तरी माझाही भारा मीच डोक्यावर घेऊन गेले. भाऊजी मान खाली घालून झोडतच राहिले. मला वाटलं, राग काही गेलेला नाही... करंज जातंय आता.

आज सकाळी दार उघडते तो भाऊजी अंगणात उभे. डोक्यावर भारा.

"हा तुमचा परत घ्या, वयनी. माझं गेलं त्याच्यापेक्षा जास्त आलंय. फुकटचा दाणा मला पचायचा नाय."

बाकीच्या घरांनाही ज्याचा त्याचा भारा घेऊन फिरून आले होते म्हणे, कुणी उतरवून घेतला नाही. मीही नाही घेतला. मंगळवारी ज्या भातासाठी कोयता उचलला, तेच भात परत देण्यासाठी हा माणूस आता दारोदार भांडत होता... शेवटी भारा खाली टाकून त्याच्यावरच बसले. मी चहा ठेवला.

अर्धा चहा झाल्यावर म्हणाले, "पुढल्या वर्षी त्या कडेला भात नको. अळू लावतो, त्याला सावली चालते. पानं सगळ्यांनी न्यायची. आणि खालच्या फांद्या मी दर साल छाटणार, त्याला कोणी आडवं यायचं नाय."

"आणि झाडं?" मी हळूच विचारलं.

"झाडं कशाला तोडू? येवढं भात खाल्लंय त्यांच्या नावानं."

उठताना भारा पुन्हा डोक्यावर घेतला... घरी न्यायला. वर मला ऐकवलंच, "भारा बांधायला कोणी शिकवलं हो तुम्हाला? अर्धं भात वाटेत सांडलं. कोंबड्या टिपत टिपत माझ्यामागनं हितवर आल्यात."

झाडं लावताना आम्ही पाच घरं एकत्र होतो. सावलीही पाचांनीच वाटून घ्यायची असते, हे कळायला मात्र झाडांना एवढं मोठं व्हावं लागलं... भाऊजींच्या कोंबड्या दिवसभर माझ्या अंगणात होत्या. हाकलायला हात उठला नाही.