गिळलेली एरर

मी इंदिरानगरहून सिन्नरच्या ज्या कारखान्यात जायचो, तिथलं हजेरीचं सॉफ्टवेअर बाहेरच्या एका कंपनीनं दिलेलं. डेटाबेस सांभाळायचो मी, पण हजेरी नोंदवणारा त्यांचा कोड कुलूपबंद. उघडून बघायचा नाही, लांबून हात जोडायचे.

पत्रे दाबून आकार देणाऱ्या प्रेस शॉपमध्ये एक ऑपरेटर होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. बारा वर्षं कंत्राटावर काढून आता कुठे कायम व्हायची वेळ आली, तर सिस्टीम त्यांना सलग अकरा दिवस गैरहजर दाखवायला लागली. माणूस मशीनवर उभा आणि यादीतून गायब. एचआरच्या मॅडमनी सरळ मेमो काढला: महिनाअखेरपर्यंत खुलासा द्या, नाहीतर कायम होणं विसरा.

मी त्या कंपनीला फोन केला. तिकडचे साहेब म्हणाले, "आमच्याकडे एकही एरर नाही. अंगठा नीट लावत नसतील." म्हणे नीट लावत नसतील. चाचांनी अंगठा लावला की यंत्र हिरवा दिवा दाखवायचं, ते मी शेजारी उभं राहून पाहिलं होतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळी हरवली की शेळीलाच शिव्या.

शेवटी मी डेटाबेसलाच कामाला लावलं. कोड दिसला नाही तरी नोंद करताना येणारी प्रत्येक एरर टिपून ठेवायची सोय त्यात असते. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी अंगठा लावला आणि एरर सापडली: नाव जागेत मावत नाही. नुकतीच एचआरनं सगळ्यांची नावं आधारप्रमाणे केली होती. वडील, आजोबा, आडनाव धरून चाचांचं नाव लांबलं, आणि या दीडशहाण्यांनी हजेरीच्या नोंदीत नावाला चाळीसच अक्षरं ठेवलेली. बरं, चुकलं तर बोंब तरी मारावी ना. छे. एरर आली की गुपचूप गिळायची आणि वर 'नोंद झाली' म्हणून कळवायचं, असंच लिहून ठेवलेलं असणार. मला किळस आली त्या लोकांची.

पुरावा पाठवला. उत्तर आलं, जागा पुढच्या व्हर्जनमध्ये वाढवू, तोवर नाव छोटं करा. मॅडमना ते लगेच पटलं. नाव बदलायला कर्मचाऱ्याचा अर्ज लागतो. तो टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. 'माझ्या नावातील त्रुटीमुळे हजेरीची नोंद होऊ शकली नाही, तरी...' हा मजकूर एचआरच्या नमुन्यात ठरलेलाच होता. मी तसाच ठेवला.

चाचांनी माझ्या टेबलापाशी उभं राहून अर्ज दोनदा वाचला.

"साहेब, गलती माझ्या नावात होती का?"

"फॉरमॅट आहे तो, चाचा. सही करा, मेमो मागे घेतील."

त्यांनी सही केली. मेमो मागे घेतला, पुढच्या महिन्यात ते कायमही झाले. तो अर्ज अजून त्यांच्या फाइलमध्ये आहे. त्यातलं एकही वाक्य त्यांचं नाही. सगळी माझी आहेत.