धडामच्या गाडीची उरलेली किंमत

गाडी परत आली की अंदाजबाई आधी मागच्या सीटवर जाऊन बसायची. बॉनेट नंतर, चाकं नंतर. दार लावून घ्यायची आणि जरा वेळ नुसती बसून राहायची. माणूस पुढे बसतो तो जगाला दिसावा म्हणून, खरा संसार मागे सांडलेला असतो, असं तिचं म्हणणं. फटीत अडकलेला बिस्किटांचा चुरा, पुढच्या सीटच्या पाठीवर चिमुकल्या बुटांचे ठसे, काचेवर कुत्र्याच्या ओल्या नाकाचे डाग.

"मागे बसलं की गाडी बोलायला लागते," ती म्हणायची.

"नशीबवान आहात," शेजारच्या टेबलावरचा विमावाला म्हणायचा. "आमच्याशी गिऱ्हाईकसुद्धा बोलत नाही."

गाड्या भाडेकराराने देणाऱ्या एका लहानशा कंपनीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नवी कोरी गाडी समोर उभी असायची, सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नसायचं, आणि हिने सांगायचं की चार वर्षांनी त्या गाडीला बाजारात काय मिळेल. तो आकडा म्हणजे उरलेली किंमत. आजच्या किमतीतून ती वजा केली की राहते ती गाडीची झीज, आणि ही झीज गिऱ्हाइकाने दरमहा भाड्यातून भरायची. उरलेली किंमत जास्त धरली तर भाडं कमी, कमी धरली तर भाडं जास्त. मुदत संपली की गाडी परत करायची, नाही तर करारात लिहिलेल्या त्याच किमतीला विकत घ्यायची. मधल्या काळात बाजार वर जावो की खाली, तो आकडा हलत नाही. पोराच्या जन्मादिवशीच त्याच्या दहावीचे टक्के लिहून ठेवण्यातला प्रकार. म्हणून तर तिला अंदाजबाई नाव पडलं होतं.

कंपनीत एक जुनी पद्धत होती. ज्याने आकडा टाकला, त्यानेच गाडी परत घ्यायची. थोरल्या मालकांनी ती घालून दिली होती. स्वतःच्या अंदाजासमोर उभं राहायची सवय असावी, नाही तर माणूस हवेत बाण मारत सुटतो, असं ते म्हणायचे. त्यांचं दुसरं एक सांगणं होतं ते किलोमीटरच्या रकान्याबद्दल. गाडी वर्षाला किती चालेल हे गिऱ्हाइकाला विचारून तिथे लिहायचं. "बाकीचे रकाने गाडीचे आहेत," ते म्हणायचे, "हा एवढा एक माणसाचा. तो सांगेल तेच लिहायचं. जास्त पळवली तर दंड आहेच की. तुम्ही कशाला त्याच्या संशयाचं ओझं वाहता?"

नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला अंदाजबाई हे शिकवत आली होती. स्वतः तिने ते एकदाच मोडलं होतं. सख्ख्या भावासाठी.

भावाचं घरातलं नाव धडाम. लहानपणी तो खोलीत शिरला की काहीतरी पडायचंच. मोठेपणी नोकऱ्या पडल्या. वडिलांची स्कूटर त्याने भिंतीवर घातली, ताईची सायकल कुणाला तरी दिली आणि कुणाला ते विसरला. शेवटी चष्म्याच्या फ्रेमा दुकानोदुकानी दाखवायच्या कामात तो स्थिरावला. त्यासाठी गाडी हवी म्हणून चार वर्षांपूर्वी तो बहिणीच्या टेबलासमोर येऊन बसला.

"वर्षाला किती चालवशील?"

"पंधरा हजार किलोमीटर. सगळी दुकानं नकाशावर मांडून हिशेब केलाय, ताई."

हिशेब, आणि याने! ताईच्या डोळ्यांपुढे भिंतीवरची स्कूटर आली. तिने 'हो' म्हटलं आणि रकान्यात पंचवीस हजार लिहिले. त्याबरोबर उरलेली किंमत खाली उतरली आणि भाडं वर चढलं. तो सही करून निघून गेला. खरं तर नात्यातलं प्रकरण तिने दुसऱ्याकडे द्यायला हवं होतं. पण धडामला आपल्याइतकं कोण ओळखतं, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

आज त्या कराराची मुदत संपत होती. सकाळीच धाकट्या मालकांनी फाईल चाळून मान डोलवली. "बाई, ही जात तर बाजारात हातोहात खपतेय. करारातल्या किमतीच्या सव्वापट सहज येतील. विकत घ्यायचं विचारलं त्यांनी तर सांगावं लागेल. नाही विचारलं, तर गाडी आपली."

त्यात खोटं काही नव्हतं. सगळ्यांशी तसंच वागलं जायचं.

दुपारी पत्र्याच्या शेडखाली गाडी येऊन थांबली. धडाम उतरला आणि त्याने दार लावलं. कुणी पुस्तक मिटावं तसा आवाज आला.

ती मागच्या सीटवर जाऊन बसली. चुरा नाही, ठसे नाहीत. नमुन्यांच्या पेट्या घासू नयेत म्हणून सामानाच्या जागेत जुनी रजई अंथरलेली, तीही चारी कोपऱ्यांत नीट दुमडून. दारांच्या कडांना रबराची पट्टी लावलेली. ताईने मान पुढे करून किलोमीटर पाहिले. साठ हजाराला थोडे कमीच.

धडाम पुढच्या सीटवर येऊन बसला आणि मागे वळला. "बघ. तू एवढी सूट दिली होतीस, वापरायची वेळच आली नाही."

"कसली सूट?"

"आता भोळेपणाचा आव आणू नकोस. मी पंधरा सांगितले, तू पंचवीस लिहिलेस. घरी जाऊन करार वाचला मी. हो, वाचतो मीसुद्धा! बायकोला म्हटलं, बघ, ताईने गुपचूप दहा हजार जास्तीचे घातलेत, उद्या मला दंड बसू नये म्हणून." तो हसला आणि मग स्टीअरिंगवरची नसलेली धूळ पुसत बसला. "न मागता मला कुणी काही दिलंय असं फारसं झालं नाही गं. म्हणून तर इतकी जपली. तू एवढं करावंस आणि मी गाडीचं भंगार करून तुझ्या दारात आणावं, बरं दिसलं असतं का?"

ताईने पुन्हा एकदा त्या दुमडलेल्या रजईकडे पाहिलं. गाडीला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

"ही घे किल्ली," तो म्हणाला. "आता एखादी लहान गाडी बघू. ही विकत घेणं काही आपल्या ऐपतीतलं नाही."

त्याने विचारलं नव्हतं. किल्ली घेतली की काम संपत होतं. कंपनीला नफा, तिला शाबासकी आणि त्याला त्याची चार वर्षं जपलेली ताई. ती बाजारभाव सांगणार असेल, तर किंमत इतकी कमी का हेही सांगावं लागणार होतं. गाडी मिळाली असती, पण ती ताई गेली असती.

"आत चल," ती गाडीतून उतरत म्हणाली. "एक हिशेब दाखवते."

त्याने किल्ली तिच्या टेबलावर ठेवली. तिने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे फिरवला. तीच गाडी, तीच तारीख. आधी रकान्यात पंचवीस हजार घातले आणि भाडं दाखवलं. मग ते पुसून पंधरा घातले. भाडं झरकन खाली आलं.

धडाम पडद्याकडे वाकला. "म्हणजे मी दर महिन्याला जास्त भरत होतो?"

"हो."

"दंडापासून वाचायला?"

"दंडाचा विचार मी केलाच नव्हता." तिचे हात की-बोर्डवरच होते. "तू पंधरावर थांबशील असं मला वाटलं नाही, एवढंच."

विमावाल्याने चहाचा भरलेला कप उचलला आणि चहा आणायला म्हणून बाहेर गेला.

"अगं, बायकोला आता काय सांगू मी?" धडामच्या तोंडून पहिलं हेच निघालं. मग तो खुर्चीत मागे टेकला. "म्हणजे चार वर्षं मी तुझ्या संशयाचं भाडं भरलं. आणि वर चारचौघांत तुझं कौतुक करत फिरलो. भारीच की."

"तू जास्त भरलंस ते बुडालेलं नाही," ती घाईने म्हणाली. "उरलेली किंमत तेवढीच खाली आहे. करारातल्या किमतीला घेऊन टाक, बँक त्यावर सहज कर्ज देईल. बाहेर याच गाडीचे सव्वापट मिळतायत. तुझे पैसे गाडीतच जमा आहेत."

"पैसे जमा आहेत. ते कळलं." तो उठला. "बाकीचं कुठे जमा आहे?"



तो बाहेर गेला. किल्ली टेबलावरच राहिली. ताईने खिडकीतून पाहिलं. तो शेडखाली गेला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागचं दार उघडून आत बसला. दार लावून घेतलं. तिथून तिला त्याच्या डोक्याची मागची बाजू तेवढी दिसत होती. लहानपणी काही फुटलं की तो असाच पलंगाच्या पलीकडे जाऊन बसायचा. ओरडा खायच्या भीतीने लपतो, असं सगळ्यांना वाटायचं. तिलाही. आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की तेव्हा त्याच्या मनात काय चालायचं हे आपण कधी विचारलंच नाही. ज्याला आपल्याइतकं कोणी ओळखत नाही म्हणून मिरवलं, त्याला एकदाही विचारलं नाही.

धाकटे मालक दारातून डोकावले. "विचारलं होतं त्यांनी?"

"नाही. मी सांगितलं."

त्यांनी टेबलावरच्या किल्लीकडे पाहिलं. मग म्हणाले, "किलोमीटरचा रकाना तुम्ही लिहिला होतात ना?"

"हो. त्याच्या तोंडचा आकडा नव्हता तो."

"मग सांगायलाच हवं होतं. ठीक आहे," एवढं म्हणून ते आत गेले.

विमावाल्याने आणलेला चहा निवून त्यावर साय धरली तेव्हा धडाम परत आला. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. "काढ कागद," तो म्हणाला. "घेतो गाडी. तुझ्यावर उपकार म्हणून नाही हां. चांगली गाडी आहे, आणि चांगली का आहे ते मला माहीत आहे."

कागद झाले. सह्या झाल्या. गाडी आता त्याची म्हटल्यावर विमाही त्याच्या नावाने काढायचा होता. विमावाल्याने नवा अर्ज पुढे ओढला आणि सवयीने अंदाजबाईकडे बघत विचारलं, "वर्षाला किती किलोमीटर धरू?"

धडामच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. "विचारा, विचारा. हिचे अंदाज फार पक्के असतात."

बोलणं वर्मी लागलं. ताईने ते लागू दिलं. "मला नको," ती म्हणाली, "त्याला विचार. तो सांगेल तेच लिही."

धडामने वर बघितलं. ओठ हलवत तो दुकानं मोजत होता, एकेक रस्ता डोळ्यांपुढे आणत. "अठरा," तो म्हणाला. "दोन नवी गावं मिळालीयत."

दोन गावं म्हणजे अठरात कसं भागेल, बावीस तरी लागतील, हे तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. तिने जीभ दातांखाली धरली आणि पडद्यावरचा जुना हिशेब पुसायला घेतला.

शेजारच्या टेबलावर अठरा लिहिले गेले.