आखीव वह्यांसाठी नंदुरबार: दोन दिवस

संक्रांतीची सुट्टी लागली आणि आमच्या शाळेतले बाकीचे शिक्षक आपापल्या गावी गेले. मी राहिले. एकोणीसशे साठच्या दशकाची ती सुरुवात. मी बावीस वर्षांची, सांगलीकडची. वडील वारले होते आणि भावाच्या घरी माझी वाट पाहणारं कोणी नव्हतं. चिंचपाड्याजवळच्या त्या शाळेत येऊन सात महिने झाले होते. मुलं घरी तिथल्या आदिवासींची कोकणी बोलत आणि ती मला कळत नसे. माझी पुस्तकी मराठी त्यांना कळत नसे. शनिवारी दुपारी वर्ग सुटला की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

त्यातच नंदुरबारच्या कारखान्यातून आलेल्या दुरेघी वह्या खराब निघाल्या. कुठे दोनांतली एक रेघच गायब, कुठे लाल समास तिरका होऊन निळ्या रेघांवर चढलेला. अशा वहीत पहिलीतल्या मुलानं अक्षर बसवायचं कसं? "सुट्टीनंतर कुणाला तरी पाठवू," हेडमास्तर जाताना म्हणाले. मी म्हटलं, मी जाते. निदान दोन दिवस माणसांत काढता येतील.

चिंचपाड्याहून सुरत-भुसावळ मार्गावरची सकाळची पॅसेंजर धरली. आजही कुणाला जायचं असेल तर रेल्वेनंच जा आणि खिडकी उत्तरेची धरा. नवापूरकडची झाडी हळूहळू मागे पडते आणि काळी, सपाट रानं सुरू होतात. डब्यात भाजीवाल्या बायका होत्या. एकीनं माझ्या हातावर बोरं ठेवली. काहीतरी बोलली, मी नुसती हसले.

नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला तालुका. स्टेशनाबाहेर पडताच नाकात मिरचीचा खाट गेला. बाजाराच्या अंगाला नजर जाईल तिथवर लाल मिरच्या वाळत पडलेल्या. टांगेवाल्यानं शिंकतच मला कारखान्याशी सोडलं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. मालक कांतीशेठ गुजराती, बोलणं मऊ. "बसा बेन," म्हणत त्यांनी पाणी दिलं. मी वह्या पुढे ठेवल्या. त्यांनी दोन-चार उलटून पाहिल्या आणि चेहरा उतरला.

"आमचा आखणीवाला दगाबापू म्हातारा झाला," ते म्हणाले. "बदलावा लागेल. उद्या दुपारपर्यंत नवीन वह्या करून देतो. आज आमच्या बहिणीकडे मुक्काम करा."

बदलावा लागेल, हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. मी तक्रार वह्यांची आणली होती, माणसाची नव्हे.

शेडमध्ये गेले. एका कोपऱ्यात बायका आखलेले कागद मोजून दुमडत होत्या, दुसरीकडे शिलाई चालली होती. पुठ्ठ्याला लावायच्या खळीत किडे होऊ नयेत म्हणून मोरचूद घालत, त्या खळीचा आंबूस वास सगळीकडे होता. मधोमध आखणीचं यंत्र. खाटेपेक्षा लांब लाकडी सांगाडा, त्यावर फिरणारा कापडी पट्टा. वरून आडव्या दांडीला पितळी निबांची रांग आणि निबांवर शाईनं भिजलेली फलालीन कापडाची पट्टी. चाक फिरवलं की कागद दाबून धरणाऱ्या दोऱ्यांखालून सरकत निबांखाली जाई आणि पलीकडे निळ्या रेघा घेऊन बाहेर पडे. मी इतकी वर्षं वह्या वापरल्या, पण रेघा अशा ओल्या जन्मतात हे माहीत नव्हतं. खिडक्या बंद होत्या. मिरचीची धूळ आत आली की ओल्या रेघांवर बसते, आणि शिंक आली की कागद हलतो.

चाकावर दगाबापू होते. साठीचे, सडपातळ, डोक्याला पांढरं फडकं.

"कथाईन उनी, बाई?" त्यांनी विचारलं, पण माझ्या चेहऱ्याकडे न पाहता, पावलांच्या आवाजाच्या दिशेनं.

मी गावाचं नाव सांगितलं. कागद पडत राहिले. पाच-सहा कागदांनंतर माझ्या लक्षात आलं, एक रेघ उमटतच नाही. ते तसेच चाक फिरवत होते.

"बापू, डावीकडून चौथी निब कोरडी आहे," मी हळूच म्हटलं.

चाक थांबलं. त्यांनी निबांवरून अंगठा फिरवत नेमकी ती शोधली, वरच्या पट्टीवर शाई सोडली.

"डोयास्ले धुकं दिसस," ते म्हणाले. "शेठले सांगू नको, बाई. मन्हं दुसरं कोणी नही शे."

मी बसले त्यांच्याशेजारी. सबंध दुपार मी निबा बघत होते आणि ते चाक फिरवत होते. त्यांनी भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा अर्धा करून दिला. बायको गेल्याचं सांगितलं, सुरतेतल्या मुलाचं पत्र येत नाही ते सांगितलं. मीही वडिलांचं सांगितलं, कुणाला न सांगितलेलं. त्यांची अहिराणी मला निम्मी कळत होती, पण सात महिन्यांत मी इतकं बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा तयार झाला. शेठनी वह्या तपासल्या आणि खूश झाले. "बघा, मनात आणलं की बापूला जमतं. आता तक्रार नाही ना? मग राहू दे त्याला."

दगाबापू दारात उभे होते. मी हो म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते. पण संध्याकाळी मी गाडीत असणार होते आणि निब पुन्हा कोरडी पडणार होती. मग कुठल्या तरी दुसऱ्या शाळेत वह्या जाणार, आणि त्या वेळी शेठ त्यांना सरळ घरी पाठवणार.

"त्यांना दिसत नाही, शेठ," मी म्हटलं. "काल निबा मी बघत होते. त्यांना घडीच्या कामावर घ्या. आणि चिंचपाड्याला मिशनचा दवाखाना आहे, तिथे डोळे दाखवू द्या."

शेठनी मान डोलावली. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा दगाबापू बायकांच्या रांगेच्या टोकाला बसून कागद दुमडत होते. माझा आवाज ऐकूनही त्यांनी मान वर केली नाही.

परतीच्या गाडीत वह्यांचा गठ्ठा पायाशी होता. गाडी रिकामी होती. बोलायला मिळालेला एकुलता एक माणूस मी स्वतःच्या तोंडानं घालवला, एवढंच वाटत राहिलं.

सुट्टी संपली. मुलं नव्या वह्यांत 'क' गिरवू लागली. होळीनंतर दवाखान्यातून निरोप आला, एक म्हातारा शाळेच्या बाईंना बोलावतोय.

दगाबापू एकटेच गाडीनं आले होते. शस्त्रक्रिया झाली होती, डोळ्यांवर पट्टी होती. "तुन्हा राग उना व्हता माले," ते म्हणाले. "मंग घडी करता करता राग गया." मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसू लागले.

पट्टी सोडून जाड भिंगांचा चष्मा लावला त्या दिवशी मी समोरच होते. त्यांनी मला बराच वेळ निरखून पाहिलं.

"आवाजवरथीन वाटनं, तू मोठी बाई शे," ते म्हणाले. "तू त एवढीशी पोर शे. एकली ऱ्हास का?"

त्या गावात येऊन दहा महिने झाले होते, आणि हे मला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.