सकाळी सहाचा आकडा

नदी दोन देशांतून वाहते. वरच्या देशातल्या मोजणी केंद्रावर ताई अठरा वर्षं नोकरीला होत्या. रोज सकाळी पुलाच्या खांबावरच्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची आणि सहा वाजता सीमेपलीकडून फोन आला की सांगायची. पलीकडचा मोजणीदार त्याचा आकडा सांगे. ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायचा, हा नियम. खालच्या पातळीचा वरच्यांना काडीचा उपयोग नव्हता. पण करारात देवाणघेवाण लिहिली होती. दोघांनी एकमेकांना कधीच पाहिलं नव्हतं.

ताईंची मुलगी कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. एकदा जेवताना ती म्हणाली, "वास्तववादी म्हणतात, देशांच्या डोक्यावर कुणी वडीलधारं नसतं, म्हणून जो तो आपली ताकद जपतो. उदारमतवादी म्हणतात, करार आणि व्यवहार वाढले की भांडण परवडत नाही. आणि रचनावादी म्हणतात, शत्रू-मित्र आपणच वागून-बोलून घडवतो."

"या तिघांपैकी पहाटे उठून पुलावर कोण जातं?" ताईंनी विचारलं.

मग सीमेवर गोळीबार झाला आणि करार स्थगित झाला. सरकारचं पत्र आलं: पलीकडे आकडा देऊ नये. फोन उचलू नये, असं त्यात नव्हतं. खालचा मोजणीदार रोज त्याचा आकडा सांगत राहिला. ताई तो परत म्हणत आणि फोन ठेवून देत.

"अबोला धरलात का, ताई?" एकदा त्याने फोनवर विचारलं.

"वरून हुकूम आहे, दादा."

बाविसाव्या दिवशी डोंगरात ढगफुटी झाली. पट्टीवर नऊ मीटर चाळीस. खालची वस्ती पात्राला लागून. तिथं पाणी पोचायला सात तास. ताईंनी साहेबांना उठवलं.

"हुकूम तोच आहे," साहेब म्हणाले.

सहाला फोन वाजला. "दोन मीटर दहा."

"नऊ मीटर चाळीस," ताईंनी परत म्हटलं.

"ताई, मी दोन दहा म्हणालो."

"नऊ चाळीस."

"नऊ चाळीस," तो म्हणाला आणि फोन तसाच टाकून धावत सुटला.

चौकशीत या फोनचं ध्वनिमुद्रण वाजवून दाखवलं. "बोलण्यात चूक झाली असं लिहून द्या, नोकरी वाचेल," अधिकारी म्हणाला.

"चूक झाली नाही." आकडा आपणच दिला असं लिहून ताईंनी सही केली. "वस्ती हलली का वेळेत?"

"हे विचारायचा अधिकार तुम्हाला नाही." अधिकाऱ्याने कागद फाइलीत लावला. मग म्हणाला, "बारापर्यंत हलली. एक म्हातारा घर सोडेना. तो गेला."

"नाव काय त्याचं?"

"ते आमच्यापर्यंत येत नाही."