ठकूमावशीचे पावणेतीन तास

ठकूमावशीला घड्याळ वाचता येत नव्हतं, आणि लोणावळ्यात राहून तिचं त्यावाचून कधी अडलंही नाही. तुंगार्लीच्या रस्त्यावर एक लहानसा धर्मादाय दवाखाना होता, तिथे ती आया होती. घाट चढून आलेल्या गाडीची शिट्टी ऐकू आली की हातातलं काम टाकून ती उठायची आणि ज्या रोग्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांची कूस बदलायची. सकाळच्या मेलला डावी, मग दोन तासांनी येणाऱ्या पॅसेंजरला उजवी. गाडी लेट असली तरी तिच्या अंगाला वेळ कळायची. "आज मेल निजलीया वाटतं," असं म्हणत ती उठायचीच.

साठच्या दशकातली गोष्ट. मी आणि माझा मित्र विनायक पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. दवाखान्याचे डॉक्टर विनायकचे काका. वर्षाचा प्रकल्प म्हणून काहीतरी उपयोगी करा, असं सांगून त्यांनी आम्हाला शिवरामच्या खाटेपाशी नेऊन उभं केलं. राजमाचीकडच्या एका वाडीतला हा तरणाबांड गडी हिरडा काढताना झाडावरून पडला होता. कमरेखालचं अंग गेलेलं. पडून पडून पाठीला, माकडहाडाच्या जागी, मोठी जखम झाली होती. ती भरली नाही तर पोरगा हातचा जाईल, हे डॉक्टरांनी आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं. त्याला नेमानं कुशीवर करायला चार हात लागत, आणि वॉर्डात हात होते दोनच. तेही पन्नाशी उलटलेल्या ठकूमावशीचे.

आम्ही कामाला लागलो. लोखंडी नळ्यांची खाट, तिच्यावर पुस्तकासारख्या मधोमध जोडलेल्या दोन लांब फळ्या, खाली दातेरी चक्रं आणि बाजूला एक हँडल. हँडल फिरवलं की एक फळी उचलली जायची आणि माणूस अलगद कुशीवर व्हायचा. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आम्ही वाळूचं पोतं ठेवून ती शंभरदा फिरवली. मग स्वतः पाच-पाच मिनिटं पडून पाहिलं, एकमेकांची पाठ थोपटली आणि खाट टेम्पोत घालून लोणावळ्याला नेली.

ठकूमावशीने खाटेभोवती एक फेरी मारली. हँडल फिरवून पाहिलं आणि पहिल्याच झटक्यात ते जड असल्याचं सांगून टाकलं. "बसल्या माणसाला एका हातानं फिरवता आलं पायजे," तिचं म्हणणं. मग तिने विचारलं की यावर निजून कोणी पाहिलंय. विनायकने मोठ्या उत्साहात पोत्याची हकिकत सांगितली.

"तुमच्या पोत्याला पाठ हाय का रं?" ती म्हणाली. "वाळू कण्हती व्हय?"

आणि नऊवारीचा पदर खोचून ती स्वतःच खाटेवर आडवी झाली. नुकतीच मेल गेली होती. पॅसेंजरची शिट्टी होईपर्यंत आपल्याला कोणी हात लावायचा नाही, अशी तिने ताकीद दिली. आम्हाला गंमत वाटली. दहा मिनिटांत उठेल, असं मी विनायकच्या कानात म्हणालो.

ती हलली नाही. नाकावर माशी बसली तरी हात उचलला नाही. पायाची बोटंसुद्धा वळवली नाहीत. खोकल्याची उबळ आली ती तिने डोळे मिटून गिळली. पाहता पाहता आमची थट्टा कुठल्या कुठे गेली. वॉर्डातले सगळे रोगी माना वळवून तिच्याकडे बघत होते, आणि शिवराम तर पापणीही न लववता.

दोन तास झाले. पॅसेंजरचा पत्ता नव्हता. मी हातातलं घड्याळ दाखवत म्हणालो, "मावशी, वेळ झाली. उठा आता."

"त्याला उठता येतंय व्हय?" ती छताकडे बघतच म्हणाली. "मग मी कशी उठू?"

त्या दिवशी पॅसेंजर पाऊण तास उशिरा आली. शिट्टी झाल्यावर बाहेरच्या तपासणीच्या खोलीतून बोलावलेल्या दोघी नर्सबाईंनी तिला धरून बसवलं. पाय पार बधिर झाले होते. पडद्याआड जाऊन नर्सबाईंनी पाठ पाहिली आणि बाहेर येऊन सांगितलं, की माकडहाडावर रुपयाएवढा लालभडक चट्टा उठलाय. आमच्या दोन फळ्या जिथे जोडल्या होत्या, बरोबर तिथे. शिवरामची जखमही तिथेच होती. आम्ही त्याला बरं करायला आणलेली खाट आणखी काही दिवसांत त्याचा जीव घेणार होती.

मावशी रागावली नाही. पाय चोळत ती साध्या आवाजात बोलली, "आमचा मालक असाच पडला हुता, कंबर मोडून. पाच महिनं मी त्याला भरवलं, पाय चेपलं. कूस बदलाय लागती, ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई."

फळ्या गेल्या, त्यांच्या जागी हँडलने दोन्ही बाजूंना कलणारी चौकट आली. तिच्याच सांगण्यावरून चौकटीला जाड सुती पट्टीची नवार विणली, गावाकडच्या बाजेसारखी. माकडहाडाच्या जागी किती सैल सोडायची ते तिने स्वतः निजून, पुन्हा उसवून, तीनदा ठरवलं. हँडलही हलकं झालं. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, हा सैलपणा कोणत्या हिशेबाने काढला? विनायकने खरं ते सांगितलं. सरांनी वहीत गुण मांडले आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. पावसाळा सरता सरता शिवरामची जखम भरली.

पुढे मी दवाखान्याच्या खाटा बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. प्रत्येक नव्या नमुन्यावर आधी मी निजतो, न हलता. खरं सांगायचं तर दोन तास मला एकदाही जमलेले नाहीत. चाळिसाव्या मिनिटाला माझा पाय आपसूक हलतो, आणि त्या बाईपुढे मनातल्या मनात मी हात जोडतो.

सत्तर साल उलटल्यावर कधीतरी आमची नवी खाट घेऊन मी तुंगार्लीला गेलो. व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसून शिवराम नवार विणत होता. दवाखान्यानेच त्याला ते काम दिलं होतं. मी मावशीची चौकशी केली. त्याने हातातली पट्टी मांडीवर ठेवली. मावशीला अर्धांगाचा झटका आला होता. तीन महिने ती त्याच जुन्या खाटेवर होती, आणि दिवाळीच्या आधी गेली.

"कूस मीच बदलायचो," तो म्हणाला. "खाटंपाशीच खुर्ची लावून बसायचो, गाडीची शिट्टी झाली की हँडल फिरवायचो. जाताना मावशीच्या पाठीवर येक डाग न्हवता, दादा."

घाटातून वर येणाऱ्या गाडीची शिट्टी झाली. शिवरामने खुर्ची वळवली आणि तो वॉर्डात गेला.