दादाने उघडलेली प्रोसेको

माझा थोरला भाऊ मुंबईत एका इटालियन हॉटेलात कामाला होता. गिऱ्हाइकाने काय मागवलंय ते बघून त्याबरोबर कुठली वाइन चांगली लागेल ते सांगायचं, बाटली उघडायची, ओतायची. आश्रमशाळेत शिकलेला आमचा दादा इटलीतल्या गावांची नावं आमच्या शेजारच्या पोशेरा-सूर्यमाळची घेतल्यासारखी सहज घ्यायचा.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. रेडिएशनचे शेक घेऊन तो खोडाळ्याला घरी आला तेव्हा आवाज बसलेला होता, थुंकी आटली होती आणि तोंडाची चव पार गेली होती. आई नागलीची पेज पातळ करून द्यायची. तो प्यायचा आणि म्हणायचा, "आये, गरम आहे एवढंच कळतं."

दिवाळीनंतर डॉक्टरांनी पुढचे उपचार थांबवले. एस.टी.ने आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने बॅगेतून एक बाटली काढली. हॉटेलातल्या सोबत्यांनी निघताना दिलेली. इटलीची फसफसणारी पांढरी वाइन, प्रोसेको.

"बाय, ही बाजारातल्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवून ये. दुपारी उघडू," तो मला म्हणाला.

आई म्हणाली, "कोंबडी करते. झणझणीत."

"नको आये. तिखटाबरोबर हिचे बुडबुडे जिभेला चावतात. हिला खारट लागतं, तळलेलं लागतं, हलकं लागतं. तिकडे लोक तळलेली कोळंबी घेतात."

कोळंबी कुठली आमच्याकडे! ओढ्यातली बारीक मासळी होती. ती आईने तांदळाचं पीठ आणि मीठ लावून तळली, उडदाचे वडे केले, नागलीचे पापड भाजले. दादा चुलीजवळ बसून बघत होता. मिरचीकडे तिचा हात गेला की मान हलवायचा.

दुपारी ओसरीवर त्याने बाटली धरली. हात काटकुळे झाले होते, पण बाटली फिरवण्याची रीत तीच. बूच उडेल म्हणून आईने कानांवर हात ठेवले. उडालं नाही. हळूच उसासा आला. "आवाज करायचा नसतो," दादा म्हणाला. स्टीलच्या पेल्यांत त्याने आम्हा दोघींना ओतली. स्वतःला घोटभर. तो घोट त्याने तोंडात धरला आणि अंगणात थुंकला.

"झोंबते नुसती. तू सांग."

मला काय सांगता येणार होतं? मी प्यायले. "गार आहे. थोडी गोड, थोडी आंबट."

"ते सगळेच सांगतात. वास घे."

मी पेल्यात नाक घातलं. "पांढऱ्या, पाणीदार जांबाचा वास येतो, दादा. नुकत्याच तोडलेल्या."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आम्ही हिरवं सफरचंद म्हणायचो. जांबच आहे तो. मला इतकी वर्षं कसं सुचलं नाही?"

"आता मासा खा. मग परत पी," तो म्हणाला.

खाल्ला, वर घोट घेतला. तेल, मीठ सगळं धुऊन निघालं आणि पुढचा मासा पहिल्यासारखाच लागला. तसं मी सांगितलं. त्याने डोळे मिटून घेतले. "वड्याबरोबर?" वड्याबरोबर जरा कमी. "पापड?" पापडाबरोबर छान. मी सांगत गेले, तो मिटल्या डोळ्यांनी, स्वतःच चाखत असल्यासारखं तोंड हलवत गेला. आईने एक घोट घेतला होता. "ही तं ताडीच हाय," एवढं म्हणून ती उठली आणि घराच्या मागे गेली. तिचं रडणं आम्हाला ऐकू येत होतं. दादाने मला उठू दिलं नाही. "आईला रडू दे. तू वडा परत एकदा खाऊन बघ."

होळीच्या आधी तो गेला.

महिन्याभराने त्याच्या मोबाइलवर हॉटेलातून फोन आला. मोठा वाढपी होता. हसत म्हणाला, "काय शेठ, कधी येतोस?" मी कोण ते सांगितलं, दादा गेल्याचं सांगितलं. पलीकडे स्वयंपाकघरात ताटल्यांचा, चमच्यांचा, माणसांचा गलका चालू होता. त्याने कुणाला तरी हाक मारून तेच सांगितलं. हळूहळू तो सगळा गलका थांबला. फोन चालूच होता.